तिसऱ्या वळणावरचा चौथा आवाज

१

कागदाचा अर्थ एवढाच होता, की पोर आपल्या हट्टानं गेली.

शब्द अगदी तसेच नव्हते. सरकारी कागद कुठल्याही मुलखातला असो, तो हट्टाला हट्ट म्हणत नाही. दुभाषी बाईंनी चष्मा सावरला आणि सावकाश वाचून दाखवलं, "मृत मुलगी, वय सोळा, शिखराच्या अलीकडच्या पाचव्या वळणावर मोजणीला हजर होती. त्यानंतर कुणालाही न सांगता, दिलेली सूचना मोडून, ती एकटीच माघारी फिरली. उतरताना अंधारात दुसऱ्या वळणाखालच्या घळीत पडली. अन्य कुणाची चूक आढळत नाही."

"इथे सही," अधिकाऱ्यानं बोट ठेवून दाखवलं. पेनाचं टोपण त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

ठकीचे बाबा त्या पेनाकडे नुसते बघत राहिले. तीस वर्षं बूट शिवून त्यांच्या अंगठ्यांना घट्टे पडले होते, नखांच्या कडांत पॉलिश मुरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते विमानात बसले, आणि बसले ते कशासाठी, तर लेकीला आणायला. देवा, माणसाच्या पहिल्या विमानप्रवासाला दुसरं काही कारण सापडलं नाही का रे तुला?

"बाई, ह्यांना सांगा," ते म्हणाले, "माझी पोर हट्टी होती. खोटं कशाला बोलू? पण कुणाला न सांगता ती उंबरा ओलांडत नव्हती. शेजारी वाटी परत करायला गेली तरी तीनदा ओरडायची. बाबा जाते, बाबा गेले, बाबा आले."

दुभाषी बाईंनी ते सगळं सांगितलं की थोडकंच, कोण जाणे. अधिकाऱ्यानं घड्याळ दाखवलं. विमान उद्या दुपारचं. सही सकाळी दहापर्यंत हवी.

बाबांना सहीची अडचण नव्हती, घरची होती. रात्रीच्या चढाईला ठकीच्या आईचा साफ नकार होता. मग लेकीनं गळ्यात पडून परवानगी काढली, तेव्हा आईनं तिला देवासमोर उभं करून शपथ घातली होती, सांगितल्याशिवाय रांग सोडायची नाही. आता चार दिवस ती माउली फोनवर एकच विचारत होती. "तिनं माझी शपथ मोडली का हो? एवढंच सांगा. मोडली का?"

बाहेरच्या बाकावर ठकीला तपासलेले डॉक्टर भेटले. बाबांनी दुभाषी बाईंकरवी त्यांना विचारलं, "पडल्यावर किती वेळ?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पाय मोडला होता. त्यानं जीव गेला नाही, थंडीनं गेला. सकाळी दहा-अकरापर्यंत श्वास चालू असावा."

"आणि शोधणारे?"

"ते वर शोधत होते, शिखराच्या आसपास. शेवटची मोजणी तिथे झाली होती ना."

डॉक्टरांनी एक पिशवी त्यांच्या हवाली केली. त्यात ठकीचं जाकीट, कानटोपी आणि बूट. बाबांनी सवयीनं बूट उलटा करून तळवा पाहिला, आणि मग किती तरी वेळ तो सुलटा करायचं त्यांना भान राहिलं नाही.

२

मुलांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याच्या विश्रामगृहात होता. तळघरात बूट वाळवायची खोली होती. भिंतीच्या कडेनं गरम पाण्याचे नळ, त्यांवर लाकडी फळी, फळीवर जिभा बाहेर काढून बसलेले बूट. चौकशी संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून चिखलसुद्धा तसाच होता.

बाबांना त्या जोड्या पाठ होत्या. निघायच्या आठवड्यात शाळेच्या गिर्यारोहण मंडळानं चारही जोड्या त्यांच्याच दुकानात टाकल्या होत्या. सरांची, ठकीची आणि तिच्या दोन सोबत्यांची. रबराचा एकच तक्ता, त्यातून कापलेले सगळे तळवे, आणि एकाच बैठकीत घातलेली शिलाई. म्हणजे चौघं एका वाटेनं गेली असतील, तर चौघांचे तळवे सारखेच झिजायला हवेत. ह्यात शंकेला जागा नाही.

"काका," दारातून आवाज आला.

पैलवान होता. फुंकर मारली तर उडेल अशा त्या काटकुळ्या पोराला वर्गानं हे नाव मुद्दाम दिलं होतं.

"ये रे. मला ह्या नकाशातलं काही कळत नाही. वाट सांग."

भिंतीवरच्या नकाशातल्या लाल रेघेवर पैलवानानं बोट फिरवलं. "ही दगडी झोपडी. मध्यरात्री इथून निघालो. हे पहिलं वळण, हे दुसरं. तिथपर्यंत पिवळी माती, चिकट. दुसरं वळण संपलं की नुसता काळा दगड, काका. काचेच्या तुकड्यांसारखा. थेट शिखरापर्यंत तेच. हे बघा." त्यानं तळहात पुढे केले. त्यावर बारीक खपल्या होत्या.

बाबांनी पैलवानाचे बूट उचलले. तळव्यांवर आडवेतिडवे चरे, कुणी सुरीनं खेळ केल्यासारखे. मग दुसरी जोडी उचलली, शेपटीची. शेपटी म्हणजे ठकीची जिवाभावाची मैत्रीण. पहिलीपासून ठकी पुढे आणि ही मागे, म्हणून शेपटी. तिच्या तळव्यांचीही चाळण झालेली.

मग त्यांनी पिशवीतून ठकीचे बूट काढले. खाचांत पिवळी माती घट्ट बसलेली, पण नक्षीच्या कडा, त्यांनी स्वतःच्या हातानं तासल्या तशाच. एक चरा नाही.

कागद म्हणत होता, पोर पाचव्या वळणापर्यंत चढली आणि तिथून खाली आली. म्हणजे तो काळा दगड तिनं दोनदा तुडवायला हवा. बूट म्हणत होता, तिनं त्यावर पाऊलही ठेवलं नाही.

"काका, काय झालं?"

 बाबांच्या हातात आता चौथी जोडी होती, सरांची. तिच्यावरही चरा नव्हता.

३

सर बॅग भरत होते. बाबांना बघून त्यांनी खुर्ची रिकामी केली, पाणी पुढे केलं, स्वतः पलंगाच्या कडेला टेकले.

"मी सगळ्यात शेवटी होतो," ते घाईघाईनं सांगू लागले. "वाटाड्या पुढे, त्याच्यामागे पैलवान, मग शेपटी, मग आपली ठकी, आणि तिच्यामागे मी. जबाबदारीनं. पाचव्या वळणानंतर मी जरा पुढे गेलो, तेवढ्यात..."

बाबांनी सरांचा बूट पलंगावर उलटा ठेवला.

"सर, हा तळवा मी बसवलाय. मी ह्याला विचारलं. हा म्हणतो, मी चिखलाच्या पुढे गेलोच नाही."

सर हसल्यासारखे झाले. मग त्या बुटाकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"छातीत कळ आली होती," ते अगदी हळू म्हणाले. "पहिल्या वळणाच्या आतच. पोरांसमोर कसं सांगणार? बोललो, बुटाचा बंद तुटला. झोपडीत येऊन पडलो. डोळा लागला माझा. सकाळी आरडाओरडा झाला तेव्हा जागा झालो. मला... मला घरी दोन लहान मुली आहेत हो. नोकरी गेली तर..."

"बंद तुटला म्हणालात?"

"हो."

"मी घातलेला बंद?"

सरांनी तोंड ओंजळीत लपवलं. बाबांना राग यायला हवा होता, पण आला नाही. चार दिवसांत अंगात तेवढी धग उरली नव्हती.

"म्हणजे माझ्या पोरीच्या मागे कुणीच नव्हतं."

"नव्हतं. पण एक सांगतो, ते माझ्या पोरींच्या गळ्याची आण घेऊन सांगतो. वाटाड्या खोटं बोलणारा माणूस नाही. तो म्हणतो पाचही वळणांवर मोजणी पूर्ण झाली. ठकीनं तिथे आवाज दिलाय."

४

वाटाड्या अंगणात दोर गुंडाळत होता. पंधरा वर्षं परक्या पोरांना डोंगरावर नेऊन त्याला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायला लागली होती.

"सर मागे गेला, मला माहीत," त्यानं लगेच कबूल केलं. "नियम, मोठा माणूस गेला, सगळे परत. मुलं रडली. वर्षभर वाट बघितली, म्हणाली. मी मऊ झालो. ती चूक माझी. चौकशीत कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. घे, लिही."

"आणि मोजणी?"

त्याचे हात थांबले. "मोजणी खरी! मी मागे वळून बघत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर दिवे, डोळे दिपतात, पुढचं पाऊल चुकतं. म्हणून आवाज. वळणावर थांबायचं. मी म्हणतो, एक. मग दोन. मग तीन. मग चार. आवाज आला की चाल. नाही आला, सगळे खाली. मी मुलांना बोललो, आता एक जरी थांबला, सगळे परत. पुन्हा चढणार नाही."

"तिसऱ्या वळणावर चार आला?"

"आला."

"चौथ्या?"

"आला. पाचव्यावर पण आला. माझ्या मुलाची शपथ. म्हणून तर मी वर शोधलं! सकाळी उजेड झाला, शिखरावर डोकी मोजली, एक कमी. पाचव्यापर्यंत होती, मग जाईल कुठे? प्रत्येक खडक बघितला. दुपारी खाली उतरलो तेव्हा..." त्याला पुढे शब्द सापडेना. तो उघड्या अंगणात, गुंडाळलेला दोर छातीशी धरून, हमसून हमसून रडायला लागला.

बाबांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आवाज कसला होता?"

"मुलीचा. वारा होता, तोंडाला कापड. मुलीचा आवाज, एवढं नक्की."

बाबा पायरीवर बसले. हा माणूस खरं बोलत होता. बूटही खरं बोलत होते. ठकी दुसरं वळण ओलांडून गेली नाही, आणि तिचा नंबर मात्र शिखराच्या तोंडापर्यंत चढत गेला.

मग तिसऱ्या वळणावर 'चार' म्हणालं कोण?

५

पैलवान जेवणाच्या दालनात ताटासमोर बसला होता. घास हलला नव्हता.

"तुझा नंबर दोन," बाबा समोर बसत म्हणाले. "मागे वळून पाहिलंस?"

"नाही काका. माझी तर फाटली होती. पुढच्या माणसाची टाच सोडून मी काही बघितलं नाही. पण चार ऐकू आला, खरंच. माझ्या मागूनच." तो उगाच हसायला गेला. "ठकीचा नंबर कधी चुकतो का हो? वर्गात तरी कधी चुकला? पहिला तास अर्धा झाल्यावर धापा टाकत यायची, पण हजेरीपटावर बाईसाहेब..."

त्यानं जीभ चावली.

दुकानात शिलाईच्या यंत्रावर, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं, काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं. 'वर्षभर शंभर टक्के उपस्थिती.' बाबा ते रोज फडक्यानं पुसायचे. आणि रोज सकाळी त्याच लेकीच्या हाती दुरुस्त बुटांच्या पिशव्या द्यायचे, हापिसं उघडायच्या आत चार ठिकाणी पोचव म्हणून. शाळेची घंटा किती वाजता होते, ते बाबांना ठाऊक होतं. ती वेळ आणि ते प्रशस्तिपत्रक त्यांनी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. ठेवावंसं वाटलं नव्हतं, हेच खरं.

"पोरा," त्यांनी विचारलं, "तिची हजेरी कोण द्यायचं?"

पैलवानानं ताट बाजूला सारलं.

"रागावणार नाही मी."

"सगळ्या वर्गाला माहीत होतं काका. सर पटावरून मान वर काढत नाहीत. ती दोन्ही नंबर म्हणायची. आधी स्वतःचा, आणि मग जरासा नाकातून, ठकीचा."

"ती म्हणजे?"

त्यानं उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या रात्रीच्या रांगेत मुली होत्याच मुळी दोन.

६

खोलीत दोन पलंग होते. एक नीट आवरलेला. शेपटी दोन्ही पलंगांच्या मध्ये जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. बाबा तिच्यासमोर फरशीवरच बसले.

"बाळा, मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला फक्त एक सांग. थांबताना ती काय म्हणाली?"

चार दिवस आवळून धरलेलं काही तरी त्या पोरीच्या चेहऱ्यावरून सुटलं.

"तिची पाळी आली होती काका. मधेच, दुसऱ्या वळणाच्या जरा आधी. पुढे तो वाटाड्या, पैलवान. कुणाला कसं सांगणार? ती म्हणाली, दोन मिनिटं, त्या खडकामागे जाते. वाटाड्याला कळलं तर सगळ्यांना परत नेईल, तू माझा नंबर म्हण. मी म्हटलं, नको गं, थांबू या. तर म्हणाली..." तिला हुंदका आवरेना. "म्हणाली, आईची शपथ आहे, न सांगता रांग सोडायची नाही. म्हणून तुला सांगून जाते."

बाबांनी डोळे मिटले. सांगून गेली. पोर सांगून गेली होती.

"दुसऱ्या वळणावर मी चार म्हटलं. तिसऱ्यावर वाटलं, आलीच असेल. चौथ्यावर खाली एक दिवा हलताना दिसला, वाटलं तिचाच. पाचव्यावर मला खूप भीती वाटली. आता बोलले तर आधीचे सगळे नंबर खोटे ठरतील. मग मी परत चार म्हटलं. आणि वर गेल्यावर वाटाड्या ओरडला, पाचव्यापर्यंत होती, वर शोधा! मी तोंड उघडलं काका. देवाशप्पथ उघडलं. आवाजच फुटला नाही."

खालून कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. 

"उद्या मी अधिकाऱ्याला बूट दाखवतो," बाबा म्हणाले. "सरांचे आणि ठकीचे. मागे राखणीला माणूस नव्हता, एवढं सिद्ध झालं तरी तो कागद फाटेल. तुझं नाव निघायला नको. मी काढणार नाही."

"नाही," शेपटी म्हणाली. "मग सगळे म्हणतील ती न सांगताच थांबली. मी सांगणार. मीच सांगणार."

आणि तिनं सांगितलं. सकाळी दहाच्या आत, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर, एका दमात, नाक पुसत. दुभाषी बाईंना मधे दोनदा थांबावं लागलं. सरांनी आपलं परतणं लिहून दिलं. वाटाड्यानं आपला मोडलेला नियम लिहून दिला. जुन्या कागदावर आडवी रेघ मारली गेली आणि नव्या कागदावर मजकूर उतरला, 'मुलीनं सोबतिणीला कळवून थांबा घेतला होता. रांगेच्या मागे जबाबदार माणूस नव्हता.' डॉक्टरांचा दाखला त्याला जोडला गेला. बाबांनी सही केली.

मग त्यांनी घरी फोन लावला. "ऐक. तिनं शपथ मोडली नाही. सांगून थांबली होती. शेपटीला सांगून." आणि बाकीचंही सगळं सांगितलं, काही न गाळता.

 पलीकडून ठकीच्या आईचा आवाज आला, घोगरा. "त्या पोरीनं काही खाल्लंय का?"

"चार दिवसांत नाही."

"मग आधी तिला खाऊ घाला. तिचं मी नंतर बघेन. रडायचं ते मी रडेन, रागवायचं ते मी रागवेन. पण उपाशी नका आणू तिला."

बाबा बाहेर आले. शेपटी बाकावर बसली होती. त्यांनी पाव आणि दुधाचा पेला तिच्या हातात दिला. तिनं एक तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"काका, एक विचारू?" ती त्या तुकड्याकडे बघत म्हणाली. "ती पडल्या पडल्याच गेली ना? तिला काही कळलंच नसेल ना?"

एक शब्द पुरला असता. हो. एवढा लहान शब्द, आणि पोरीला जन्मभर शांत झोप लागली असती. बाबांच्या ओठांवर तो आलाही होता.

पण त्यांना तो नवा कागद दिसला, त्याला टाचलेला डॉक्टरांचा दाखला दिसला. शाळेत जाईल, वर्तमानपत्रात येईल. वर्षा-दोन वर्षांनी कुठे तरी, कुणाच्या तरी तोंडून, हिच्या कानावर पडेलच. त्या दिवशी हिच्याशेजारी कोण असेल?

त्यांनी तिच्या हातातला पेला काढून खाली ठेवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "सकाळी दहा-अकरापर्यंत होती."

तिनं हिशेब केला. तो तिच्या डोळ्यांत होताना बाबांनी पाहिला. दहा-अकरा. म्हणजे शिखरावर उजेड झाला तेव्हाही ती होती. सगळे वर ओरडत होते तेव्हा. तिनं तोंड उघडलं होतं आणि आवाज फुटला नव्हता, तेव्हा.

मग ती जी ओरडली, ते ऐकून आतला अधिकारी दारापर्यंत आला. बाबांनी तिला छातीशी घट्ट धरलं. ती हातपाय झाडत होती, त्यांना ढकलत होती, मला सोडा, मला मारा म्हणत होती. त्यांनी सोडलं नाही.

"ऐक माझं. अगं ऐक. तू तिची हजेरी का देत होतीस? मी तिला सकाळी बूट पोचवायला पाठवायचो म्हणून. माझ्यापायी ती उशिरा पोचायची, आणि तू सावरून घ्यायचीस. वर्षभर तू माझंच सावरलंस आणि मी ते काचेत लावून मिरवलं. ह्यात मी आहे, सर आहेत, वाटाड्या आहे. तू एकटी नाहीस. हे तुला आज माझ्याकडूनच कळायला हवं होतं, कारण आज मी इथे आहे."

ती काही ऐकत होती असं वाटत नव्हतं. पण हळूहळू तिच्या मुठींनी त्यांचा सदरा पकडला, आणि ढकलायच्या ऐवजी ती त्यांना ओढू लागली. तेव्हा कुठे बाबांचं चार दिवस अडलेलं रडू फुटलं. ती दोघं त्या परक्या मुलखातल्या बाकावर, एकमेकांना धरून, लहान मुलांसारखी रडत राहिली.

कोपऱ्यात विमानतळाच्या गाडीचा चालक टोपी हातात घेऊन उभा होता. दुभाषी बाई दबकत पुढे आल्या. "साहेब, गाडी लागली आहे. विमानाला उशीर होईल."

"होऊ दे," बाबा मान वर न करता म्हणाले. "पोरीचं रडून होऊ दे आधी."